आप्पांनी सांगितलेलं उत्पन्न

बारावीनंतर माझा नंबर अवसरी खुर्दच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात लागला. फीची सवलत मिळाली तरच मी तिथं शिकणार होते आणि सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला लागत होता. प्रवेश पक्का करायला नऊ दिवस होते. इथपर्यंतचं मला नीट कळलं होतं. पुढचं अजून पुरतं कळलेलं नाही.

आमचं गाव डिंगोऱ्याच्या अलीकडचं. आई अंगणवाडी सेविका. तिच्या संघटनेची पत्रकं घरात गठ्ठ्यानं यायची, वाटून उरलेली फडताळात डब्यांखाली जायची. मी वाचायला शिकले ती डबे उचलून. 'मानधन नको, वेतन द्या' हे मला पाढ्यांआधी पाठ होतं. अकरावीत मी स्वतः पत्रक लिहिलं आणि जुन्नरच्या एसटी स्टँडवर वाटलं. 'आम्ही गरिबांची मुलं विचारतो' अशी सुरुवात होती. शिक्षण हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही, असा शेवट. आजही त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. अडचण झाली ती पहिल्याच ओळीची.

अर्ज पहिल्याच दिवशी केला होता. पाचव्या दिवशी दाखला आणायला जुन्नरच्या सेतू केंद्रात गेले. काउंटरमागचा माणूस म्हणाला, "ताई, तलाठ्याच्या अहवालात तुमचं उत्पन्न मर्यादेच्या वर दाखवलंय. यावर सवलत बसत नाही."

मी आकडा पाहिला. तो आमच्या घरात कधी कुणी उच्चारलासुद्धा नव्हता. म्हणजे तलाठ्याला पैसे हवेत, असा निकाल मी जागेवरच देऊन टाकला. परतीच्या एसटीत वहीच्या मागच्या पानांवर पत्रक लिहून काढलं. शीर्षक होतं, 'तलाठी कार्यालयाचा मनमानी कारभार'. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हातात घेऊनच चावडीत शिरले.

तलाठी नवीन आला होता. पंचविशीचा, जीन्स घातलेला. त्यानं माझं सगळं भाषण ऐकून घेतलं आणि फाइल उघडली.

"मी स्वतः वस्तीवर आलो होतो," तो म्हणाला. "तुमच्या शेजारच्या आप्पांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते लिहिलंय." आणि वाचून दाखवलं. पाच एकर बागायत, दोन विहिरी, टोमॅटो, झेंडू, सहा म्हशी, चुलते पुण्यात मोठ्या कंपनीत.

आमची जमीन दीड एकर. विहीर एक, तीही चुलत्यांबरोबर वाट्यातली. चुलते कंपनीत आहेत हे खरं, पण गेटवर. म्हशी दोन, आणि त्यातली एक आप्पांचीच, त्यांच्या गोठ्याचं छप्पर उडाल्यापासून आमच्याकडे बांधलेली.

आप्पा अंगणात कांदा निवडत बसले होते. मी विचारलं तसे ते हसायलाच लागले.

"आगं, मला काय ठावं त्यो भाऊसाहेब हाय म्हून? गाडीवर दोघं जण आले. घर कसंय, जमीन किती, उत्पन्न काय, इचारत व्हते. मला वाटलं तुला बघाया आल्याती."

"मग?"

"मग काय, कमी सांगायचं व्हय? पावणं म्हागारी गेलं असतं."

आमच्याकडे अनोळखी माणसानं डांबरी रस्त्यावर थांबून एखाद्या घराची विचारपूस केली, आणि त्या घरात लग्नाची मुलगी असली, की ती विचारपूस कशाची ते कुणाला सांगावं लागत नाही. शेजाऱ्यानं मोठेपणा सांगायचा असतो. विहिरीला पाणी वाढतं, घरावर मजला चढतो. त्याला कुणी खोटं म्हणत नाही.

"माझं लग्न कुणाला करायचंय?" मी म्हणाले.

"आमी कुटं करतोय? फकस्त चौकशीला उत्तर दिलं."

हातातलं पत्रक आता कुणाविरुद्ध होतं ते मला ठरवता येईना. तलाठी प्रामाणिक निघाला होता. आप्पांनी माझ्यासाठीच केलं होतं. आणि तीन दिवसांत माझी जागा जाणार होती.

मी परत चावडीत गेले. तलाठी म्हणाला, आप्पांनी नवा जबाब लेखी द्यावा. घरी येऊन सांगितलं तसे आप्पा गंभीर झाले. "म्हंजी ह्ये घर गरीब हाय, असं मी सही करून द्यायचं? उद्या खरंच कुणी स्थळ घेऊन आलं न त्ये चावडीत कळलं, तर तुझा बाप मला दारात उभा करंल का?"

वडील तेव्हा धार काढत होते. मी तिथं जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आपण गरीब न्हाई."

"मग फी भरा," मी म्हणाले.

आणि मी बोलत सुटले. गरिबी ही आपली लाज नाही, ज्यांनी ती लादली त्यांची आहे. पत्रकातलं सगळं, कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, त्यासकट. वडिलांनी धार थांबवली नाही. शेवटी म्हणाले, "तुला लिव्हता येतं. तूच लिव्ह, मी सही करतो."

आप्पांऐवजी वडिलांचाच जबाब लिहायला मी कागद घेऊन बसले. 'आम्ही गरीब' हे मी किती वेळा लिहिलं होतं. पण त्या 'आम्ही'त वडिलांचं नाव आणि गट नंबर कधीच नव्हता. आणि लिहायचं तरी काय? आईनं तिचं मानधन पैशापर्यंत अचूक सांगितलं. वडिलांनी वर्षाचं उत्पन्न तीनदा सांगितलं आणि तीनदा वेगळं. तिन्ही खरी वाटली. एका वर्षी टोमॅटोनं हात दिला होता, तर पुढच्या वर्षी भरलेली क्रेटं नारायणगावच्या बाजारात तशीच सोडून आले होते. यातलं कुठलं वर्ष आमचं? कागद कोराच राहिला.

आठव्या दिवशी मी चावडीत तलाठ्याशी वाद घालत असताना वडील आणि आप्पा आत आले. आप्पांनी इस्त्रीची टोपी घातली होती. दोघांचं काय बोलणं झालं होतं ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

"भाऊसाहेब," आप्पा म्हणाले, "मागलं खोडा. त्ये पावण्याला सांगितलं व्हतं. आता साहेबाला सांगतो."

आणि त्यांनी दिलेलं एकेक परत घ्यायला सुरुवात केली. पाच एकर न्हाई, दीड. विहिरी दोन न्हाई, एक, तीबी वाट्यातली. दर वेळी ते आधी वडिलांकडे बघायचे, वडील मान हलवायचे, मगच पुढचं. झेंडू तर आमच्या रानात कधी नव्हताच. तलाठी मान खाली घालून लिहीत होता.

"म्हशी दोन," आप्पा म्हणाले.

"एक," वडील म्हणाले. "दुसरी ह्यांची हाय."

नवा अहवाल जुन्नरला गेला आणि दाखला संध्याकाळी सेतू केंद्रात मिळाला. आकडा मर्यादेच्या खाली होता. तो तलाठ्यानं कशावरून काढला, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी, शेवटच्या दिवशी, वडील माझ्याबरोबर अवसरीला आले. खिडकीतल्या बाईंनी दाखल्यावरचा नंबर कॉम्प्युटरवर तपासला, कागद फाइलला लावला आणि प्रवेश पक्का झाल्याची पावती माझ्या हातात दिली.

येताना मंचरच्या स्टँडवर आम्ही चहा घेतला. वडिलांनी विचारलं, "तिथं आणखी कुणाचे दाखले व्हते?"

"लई जणांचे. फाइलच केवढी होती."

"केवढी?"

मी अंगठा आणि बोट ताणून जाडी दाखवली. ते बराच वेळ त्या अंतराकडे बघत राहिले. त्यांना बरं वाटलं की जास्तच वाईट, मला ओळखता आलं नाही. मी हात तसाच धरून ठेवला होता.