माझ्या खुर्चीतली फितुरी

पुण्यात लोक तुमचं म्हणणं निमूटपणे ऐकून घेऊ लागले, तर समजावं, पाठीमागे काहीतरी शिजतंय. ही अक्कल मला पन्नाशी ओलांडल्यावर आली. त्याआधी दिवाळीपासून होळीपर्यंत मी खुळ्यासारखा समजत होतो की, अखेर या शहराला माझी किंमत कळली.

माझा धंदाच बोलण्याचा. सकाळी कॉलेजात वाणिज्य शिकवतो आणि सुटीच्या दिवशी सूत्रसंचालन करतो. सत्कार, स्नेहसंमेलनं, ज्येष्ठ नागरिक संघाची कोजागिरी, जे येईल ते. पण खरं बोलणं घरी आणि कट्ट्यावर. तिथे मी काहीतरी ठोकून द्यायचं आणि समोरच्याने "काहीतरीच काय!" म्हणून ते परत माझ्या अंगावर टाकायचं, यावर माझी तब्येत चालते. भिंतच नसेल तर चेंडू परत यायचा कसा?

शाळेपासूनचा माझा एक मित्र आहे. इंजिनियर. उभी नोकरी त्याने कारखान्यातल्या यंत्रांची थरथर मोजण्यात घालवली, मग ती सोडून कात्रजला एक गाळा भाड्याने घेतला आणि माणसांची थरथर मोजू लागला. हृदयाचं काय चाललंय ते बाहेरूनच कळलं पाहिजे, हा त्याचा ध्यास. सुई नको, नळी नको, जमलं तर वायरसुद्धा नको. "मशीन उघडायची वेळ आली म्हणजे आपण आधी नीट ऐकलं नाही," असं तो म्हणतो. वाक्य चांगलं आहे. मी दोन सत्कारांत स्वतःचं म्हणून वापरलंय.

त्याला प्रयोगासाठी माणूस हवा होता.

"मीच का?" मी विचारलं.

"तू दुपारनंतर रिकामा असतोस आणि कोणी तुझ्याकडे बघत बसलं की तुला आवडतं."

पहिला प्रयोग छातीवर चिकटवायच्या पट्टीचा. ती लावताना काहीच वाटलं नाही. काढताना मात्र मी जो आवाज काढला, त्याने शेजारच्या गाळ्यातले वेल्डिंगवाले काम थांबवून बघायला आले. दुसरा कॅमेऱ्याचा. प्रत्येक ठोक्याला चेहऱ्यात रक्त येतं, कातडीचा रंग इतका बारीक बदलतो की डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतो, असं त्याने मला समजावलं. फक्त स्तब्ध बसायचं आणि बोलायचं नाही. मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. थोड्या वेळाने त्याने पडद्यावरची वेडीवाकडी रेघ मला दाखवली. "हे तुझं हृदय नाही," तो म्हणाला. "या तुझ्या भुवया आहेत."

तिसरा प्रयोग गादीचा. खुर्चीवर टाकायची साधी चौकोनी गादी, आत एक पातळ फीत. हृदय रक्त ढकलतं तेव्हा शरीराला उलट दिशेने बारीकसा धक्का बसतो, बंदूक झाडल्यावर खांद्याला बसतो तसा. फीत तो धक्का टिपते आणि घरातल्या वायफायवरून त्याच्या फोनवर धाडते. आपण नुसतं बसायचं. या प्रयोगाला मी जन्मजात लायक होतो.

गादी अर्थात माझ्या खुर्चीवर गेली. आमचं घर धनकवडीला, तिसऱ्या मजल्यावर. हॉलच्या खिडकीत तळजाईच्या टेकडीकडून वारा येतो आणि त्या वाऱ्यात माझी लाकडी हातांची रुंद खुर्ची असते. तिच्यावर दुसरं कोणी बसत नाही. हा नियम मी केलेला नाही. "ते धूड एकदा भंगारवाल्याला देऊन टाका, त्यात बसावंसं कोणाला तरी वाटतं का?" असं माझी बायको इतकी वर्षं म्हणत आली की, नियम आपोआपच झाला.

काही आठवड्यांनी मित्र म्हणाला, "प्रयोग फसला. गादी राहू दे, बसायला बरी आहे." आपलं काही फसलं हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं होतं. मला तिथेच वास यायला हवा होता.

त्यानंतर घरातली भाजी आळणी झाली. लोणच्याची बरणी कुठे गेली ते कळेना. आणि एके दिवशी, मी भावी जावयांच्या शिक्षणाबद्दल एक तद्दन भंपक सिद्धांत मांडत असताना (आम्हाला मुलगी नाही, एक मुलगा आहे, तो बंगळुरूला), बायको पोळी लाटता लाटता म्हणाली, "अहो, बरोबर आहे तुमचं."

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

मग तिने माझी संपूर्ण तपासणी करवली. "आधी तुमची, माझी बघू नंतर," म्हणाली. घराघरांत बायकांची तपासणी ज्या 'नंतर'मध्ये राहते, त्याच 'नंतर'मध्ये तिचीही राहिली. माझा ईसीजी स्वच्छ निघाला. डॉक्टर म्हणाले, "छान आहे." मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं, तर तिचा चेहरा पडलेला. मला वाटलं, फी जास्त झाली असेल.

कट्ट्यावरही तेच. सातारा रस्त्यावरच्या आमच्या अमृततुल्यात संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण जमतो. त्यांतले एक निवृत्त वाहतूक अभियंते. माणूस अहो-जाहो करतो आणि त्यामुळेच जास्त टोचतो. कात्रज घाटात बिबट्या माझ्या स्कूटरसमोर कसा उभा राहिला, हे मी एकदा रंगवून सांगितलं तेव्हा सगळं ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं होतं, "त्याला बोलू दिलंत का आपण?" असा माणूस. तोही आता माझ्या प्रत्येक गोष्टीवर "वा" म्हणू लागला. मी फुलत गेलो. गोष्टी लांबवू लागलो. मधे पाणी प्यायला थांबू लागलो, मोठे वक्ते थांबतात तसा.

पण कौतुकसुद्धा आळणी असलं की, काही दिवसांनी जिभेला कळतंच. होळीच्या आदल्या संध्याकाळी मी मुद्दाम खडा टाकला.

"स्वारगेटला सिग्नलची गरजच नाही," मी म्हणालो. "सगळ्या बाजूंनी सगळे एकदम निघाले, तर कोणी कोणाला आडवं येणारच नाही."

ज्यांचं आयुष्य शहरातले चौक सोडवण्यात गेलं, त्या अभियंत्यांच्या गळ्याची शीर फुगलेली मला दिसली. त्यांनी चहाचा घोट घेतला. तो गिळायला त्यांना फार वेळ लागला. मग म्हणाले, "कल्पना विचार करण्यासारखी आहे."

मी उठलोच. "आपल्याला बरं वाटत नाहीये का?" मी त्यांना विचारलं.

"आम्हाला काय धाड भरलीय? आपण बसा. दगदग करू नका."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. माझा चहा अर्धा तसाच टाकून मी तडक घरी आलो.

किल्लीने दार उघडलं. हॉलमध्ये रेडिओ चालू होता आणि माझ्या खुर्चीत, माझ्या वाऱ्यात, पाय स्टुलावर पसरून, डोळे मिटून माझी बायको बसली होती. मांडीवर वाटी. वाटीत पोह्यांचा चिवडा. खारे शेंगदाणे घातलेला! मला आळणी दुधी आणि इथे हा सोहळा. मी आलेलं तिला कळलं नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरात, ओट्यावर चार्जिंगला लावलेला तिचा फोन थरथरू लागला. मी आत गेलो. पडद्यावर माझ्या मित्राचं नाव. संध्याकाळी, मी घरी नसताना, माझ्या बायकोला. क्षणभरात माझ्या डोक्यात तीन अंकी नाटक नेपथ्यासह उभं राहिलं. मी फोन उचलला आणि बारीक आवाजात फक्त म्हणालो, "हं."

"वहिनी, घाबरू नका. तो खुर्चीतच आहे ना?"

"हं."

"पुन्हा सुरू झालंय. या वेळी बराच वेळ चाललंय, म्हणून फोन केला. ठोक्यांना ताल म्हणून नाही. काय करतोय तो? वाद घालतोय का कोणाशी?"

"नाही," मी माझ्या आवाजात म्हणालो. "चिवडा खातोय."

"कोण, तू?"

मग त्याने सगळं सांगितलं. काही ठोके वेडेवाकडे दिसले म्हणून त्याने गादी माझ्याकडेच ठेवली. मला खोटं सांगितलं आणि बायकोला खरं. ईसीजीत काही सापडलं नाही, कारण हे असलं मधूनच येतं आणि जातं. तो आणखी नोंदी जमवत होता. तोवर मला मीठ नको, जागरण नको आणि विरोध तर मुळीच नको, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. कट्ट्यावरच्या प्रत्येकाला बायकोने स्वतः फोन केले होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तू त्याचा प्रयोग लावला असतास. तिकीट लावून."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. पण मला विचाराल, तर हृदय बिघडल्याचं मला काहीच वाटलं नाही. मला दिसत होते ते सगळे "वा". एकेक "वा" माझ्यासमोर येऊन मुखवटा काढत होता. जिथे माझं बोलणं रंगलं असं मला वाटलं, तिथे लोक मला औषध पाजत होते. माझा सगळ्यात जुना मित्र, माझी बायको आणि ज्या एका माणसाच्या टोमण्यावर मी विसंबून होतो तो अभियंता, या सगळ्यांनी मिळून मला जिवंतपणी श्रद्धांजली वाहिली होती. आणि मी खाली वाकून ती स्वीकारत होतो.

मी काहीतरी जळजळीत बोलणार, एवढ्यात तो म्हणाला, "एक मिनिट. तू फोनवर आहेस. कुठे आहेस?"

"ओट्यापाशी. उभा."

"मग खुर्चीत कोण आहे?"

मी मान वळवून हॉलकडे पाहिलं. "बायको," मी म्हणालो.

"तू संध्याकाळी कट्ट्यावर कधीपर्यंत असतोस?" त्याने हळूच विचारलं.

"अंधार पडेपर्यंत. रोज."

"सगळ्या वाईट नोंदी त्याच वेळच्या आहेत. मला वाटायचं, दिवसभर बोलून दमतोस." मग घाईघाईने म्हणाला, "हे बघ, वहिनींना आत्ता काही बोलू नकोस. उगाच घाबरतील. मी डॉक्टरांशी बोलतो, काहीतरी निमित्त काढून त्यांना नेऊ."

आणि मी म्हणालो, "बरं."

फोन ठेवल्यावर तो शब्द मला ऐकू आला. किती सहज निघाला होता! दोन मिनिटांपूर्वी ज्या फितुरीने माझा जळफळाट झाला होता, तिच्यात मी काळजीपोटी, अगदी प्रेमाने सामील झालो होतो. आता मी बायकोचं मीठ काढणार, तिच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणार आणि ती मागे वळून बघणार.

मी हॉलमध्ये जाऊन रेडिओ बंद केला. "अगं, तुझ्या हृदयाचे ठोके चुकताहेत."

ती ताडकन उठली. "मी आत्ताच टेकले होते!"

"रोज टेकतेस."

"वारा येतो म्हणून. खुर्ची भंगारच आहे."

मी तिला फोनचं सगळं सांगितलं. ती वाटी हातात धरून उभी होती. बराच वेळ हिशोब जुळवत होती.

"म्हणजे आळणी भाजी तुम्ही खाल्लीत आणि ती खायची होती मी?"

"आणि 'बरोबर आहे तुमचं' मी तुला म्हणायचं होतं."

"मग म्हणा की. अडवलंय कोणी?"

"धडधड व्हायची का तुला?"

"व्हायची कधीकधी," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुमच्या काळजीने होतेय."

मी चप्पल घातली. रिक्षात बसेपर्यंत आमच्यात कोणाचं जास्त चुकलं यावर जुंपली होती, ती दवाखान्याच्या पायरीपर्यंत. रिक्षावाल्याने दोनदा आरशातून पाहिलं.

डॉक्टरांनी तिला गळ्यात दिवसभरचे ठोके नोंदणारी एक छोटी डबी आणि छातीला वायरी लावून घरी पाठवलं. दिवसभर ती तशीच घरात फिरली. डबीने गादीचं म्हणणं खरं ठरवलं. काळजीचं कारण आहे, पण गोळ्यांनी ताब्यात राहील. असंच राहिलं असतं, तर रक्ताची गुठळी होण्याची भीती होती, असं डॉक्टर म्हणाले आणि कौतुकाने त्यांनी विचारलं, "वेळेवर लक्षात कोणी आणून दिलं?" मित्र दारात उभा होता. आम्ही दोघांनीही त्याचं नाव घेतलं नाही. बायकोने, कारण त्याच्या गादीने तिला चोरून बसताना पकडलं होतं. मी, कारण मी त्याच्याशी बोलत नव्हतो. माझ्यासारख्याने न बोलणं म्हणजे केवढी शिक्षा, हे त्याला माहीत आहे.

तो दोन्ही बाजूंनी बरोबर ठरला, हे मला अजून सहन होत नाही. यंत्र खरं बोललं, माणसं खोटं बोलली आणि तरीही जीव वाचला. यात मी रागवायचं कोणावर?

परवा संध्याकाळी बायको त्या खुर्चीत राजरोस बसली होती. मी शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर. बरेच दिवस मनात होतं ते विचारून टाकलं.

"त्या काळात तू मला जेव्हा जेव्हा 'बरोबर आहे' म्हणालीस, त्यातलं खरं काहीच नव्हतं?"

"काहीच नाही."

"एकदाही नाही?"

तिने कपातला शेवटचा घोट घेतला. "एकदा होतं."

"कधी? काय म्हणालो होतो मी?"

"ते सांगणार नाही," ती म्हणाली आणि रिकामा कप माझ्या हातात दिला.