बिनपाण्याचे ट्रेल

सायकल चालवणाऱ्यांकडे किलोमीटर साठतात म्हणे. आमच्याकडे किस्से साठले. दुष्काळाच्या त्या वर्षांत आम्ही बीडचे तिघे दर शनिवार-रविवारी डोंगरात सायकली घालायचो, नवे ट्रेल, म्हणजे सायकल जाईल अशा डोंगरवाटा, शोधत हिंडायचो, कुठं रेस असली की जायचो. आता भेटलो की कोण किती वेगात उतरलं ते कुणालाच आठवत नाही. वाटेत कोण भेटलं आणि काय बोललं, तेवढंच निघतं. किस्सा संपला की हसावं का नाही ते कळत नाही, मग अप्पा चहा सांगतो.

अप्पा म्हणजे मन्मथ. घरचं भुसाराचं दुकान. वयानं आमच्याच बरोबरीचा, पण लहानपणापासून सगळे अप्पाच म्हणतात. दुसरा अशोक. सहकारी साखर कारखान्यात फिटर होता, कारखाना बंद पडल्यापासून मिळेल ते वेल्डिंग करायचा. तिसरा मी, गणिताचे क्लास घेतो.

एकदा लिंबागणेशच्या बाजूला एक उतार बघायला गेलो होतो. तिघांच्या अंगात एकसारख्या जर्सी, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर काळे चष्मे. माळाखालच्या वस्तीपाशी थांबलो तर माणसं गोळा व्हायला लागली. पटका बांधलेल्या एका बाबांनी अप्पाच्या सायकलचं हँडलच धरलं.

"साहेब, आधी आमची हीर बघा."

दुष्काळाची पाहणी करायला पथक येणार होतं आणि ते आम्हीच, अशी सगळ्यांची समजूत. मी सांगायला तोंड उघडलं. पण अप्पाला कुणालाच नाही म्हणता येत नाही. तो निघाला बाबांच्या मागं. विहिरीच्या कठड्याला धरून पार आत वाकला. तळाशी गाळ वाळून भेगा पडलेल्या, त्यात एक प्लॅस्टिकची चप्पल. अप्पा बराच वेळ बघत राहिला. मग त्यालाच राहवलं नाही.

"बाबा, आमी पथक न्हाई. आमी नुसत्या सायकली चालवतो. हौस म्हणून."

बाबा चिडले नाहीत. म्हणाले, "हौस तर हौस. मागच्या टायमाला पथक आलतं, त्यांनी गाडीची काच बी खाली घेतली न्हाई. तुमी वाकून तरी बघितलं."

उतार खरंच चांगला होता. त्या दिवशी कुणी तो उतरलं नाही.

आमच्याकडचे ट्रेल म्हणजे बाभळीचे काटे. कपिलधारकडं जाताना माझी ट्यूब गेली, जवळची जादा ट्यूब आधीच संपलेली. ढकलत ढकलत एका गावात आलो. तिथं शब्बीरभाईंचं पंक्चरचं दुकान. पुढं घमेलं, घमेल्यात तळाला लागलेलं गढूळ पाणी. पंक्चर शोधायचं तर ट्यूब पाण्यात बुडवायला लागते, बुडबुडे आले की भोक सापडतं. शब्बीरभाईंनी ट्यूब काढली, हवा भरली, आणि घमेल्याकडं वळतात तोवर एक शेळी येऊन त्यात तोंड घालून उभी.

मी तिला हाकलायला हात उचलला. शब्बीरभाईंनी माझा हात धरला.

"पिऊ द्या सर. पंक्चर गालानं बी सापडतंय."

शेळीनं घमेलं चाटून कोरडं केलं. शब्बीरभाईंनी डोळे मिटून ट्यूब गालाजवळून हळूहळू फिरवली. एका जागी थांबले. तिथं भोक होतं.

मग पुण्याच्या पुढं घाटमाथ्यावर एक रेस होती, तिकडं गेलो. तिकडं पाऊस पडत होता. आमच्याकडं पेरणीची वेळ कोरडीच उलटून गेली होती. अख्खा ट्रेल चिखलाचा. अशोक कितवा आला ते विचारू नका, पण शेवटी अंगावर आणि सायकलवर इतका चिखल की सायकल कुठली आणि माणूस कुठला ते कळेना. फिनिशच्या पुढं सायकली धुवायची सोय होती. मोठा पाइप, जोरात पाणी, आणि सगळं धुतलेलं पाणी उताराला लागून खाली चाललेलं. अशोक रांगेत उभा राहून त्या ओघळाकडं बघत होता. त्याचा नंबर आला तसा त्यानं पाइप हातात घेतला, नळ बंद केला आणि पाइप परत दिला.

तिथली मुलगी म्हणाली, "काका, चिखल तसाच आहे सगळा."

"असू दे. आमच्याकडं न्यायचाय."

तिला वाटलं चेष्टा आहे, ती हसली. अशोकनं जीपच्या टपावर सायकल नीट बांधली. नगर ओलांडलं तसं ऊन लागलं. बीडला येऊन सायकल उतरवली तर चाकांवर नुसती पांढरी धूळ. अशोकनं बोट फिरवून बघितलं.

"न्हाई टिकला बे," एवढंच म्हणाला.

छावणीचा किस्सा अप्पा कधीच सांगत नाही, मला सांगावा लागतो. दूध संघानं डोंगराच्या अलीकडं जनावरांची छावणी लावली होती. आमचा एक ट्रेल तिच्या कडेनं वर चढायचा. एकदा भानुदास नावाच्या एका माणसानं आम्हाला थांबवलं. गायीसोबत तो कितीतरी दिवस तिथंच होता, मोबाइलचा रिचार्ज संपलेला.

"पल्याड चाललाव का? आमच्या घरी तेवढं सांगा, कपिला व्याली. कालवड झाली."

पल्याडच्या गावात त्याची बायको रस्त्यावरच भेटली. घागरींच्या रांगेपाशी टँकरची वाट बघत बसली होती. कपिलाचं नाव काढताच उठून उभी राहिली. व्याल्यावर वार पडली का, उठली का, खाते का, कालवड पिती का. अप्पाला त्यातलं काही माहीत नव्हतं, तरी तो सगळ्याला हो म्हणत होता. मग त्यानं विचारलं, "मालकांना काय सांगू?"

बाईनं घागरींकडं बघितलं. "म्हनावं, तिथंच ऱ्हावा. तिथं रोज पाणी येतंय. इथं येऊन आनखी एक तोंड कशाला."

परतताना भानुदास छावणीच्या तोंडाशी उभाच होता. मी मान खाली घालून सायकल पुढं काढली. अप्पा थांबला.

"वहिनी म्हणल्या, लवकर या. करमत न्हाई."

"असं म्हणली?" भानुदास म्हणाला. थोड्या वेळानं परत, "असं म्हणली ती?"

मग आम्हाला वाटलं, सगळीकडं जातो, आपल्याकडं एक रेस घेऊ. अशोकच्या बंद कारखान्याचं आवार मोठं, उसाच्या गाड्यांचे जुने रस्ते, मागं टेकडी. चेअरमनसाहेबांनी परवानगी दिली, झेंडा दाखवायलाही आले. रेस सोडायला मी शिट्टी आणली होती. अशोक म्हणाला, "शिट्टी कावून? भोंगा वाजवू की." कारखान्यात पाळी बदलताना वाजायचा तो भोंगा विजेवरचा. आदल्या दिवशी दिवसभर अशोक शेडमध्ये खटपट करत होता, भाड्याचा जनरेटर आणून जोडला.

रविवारी सकाळी जालना, लातूर, कुठून कुठून पोरं आलेली. साहेबांनी झेंडा हलवला आणि भोंगा वाजला. शेडच्या पत्र्यातली कबुतरं सगळी एकदम उडाली. सायकली सुटल्या, त्यात अप्पाही. मी गेटवर थांबलो.

थोड्या वेळानं रस्त्यावर एक मोटरसायकल दिसली, तिच्यावर तिघे. मग शेतांतून चालत माणसं यायला लागली. कुणी धावत, कुणी शर्टाची बटणं लावत. बऱ्याच जणांच्या हातात डबे. एकाच्या अंगात कारखान्याची जुनी खाकी. कुणी काही न सांगता ते गेटपाशी रांगेत उभे राहिले. चेअरमनसाहेबांनी ते बघितलं, गाडीत बसले आणि मागच्या रस्त्यानं गेले.

अशोक हात पुसत शेडमधून बाहेर आला आणि जागीच थांबला. रांगेत सगळ्यात पुढं बॉयलरवरचे ज्ञानोबामामा होते.

"कोणती पाळी लागली रं, अशोक?"

मला वाटलं, आता सांगेल. अशोकनं माझ्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं.

"दुसरी," तो म्हणाला. "दुपारची. बसा सावलीला."

सगळे लिंबाखाली बसले. अशोकही त्यांच्यात जाऊन बसला. टेकडीवरून पहिला आला तो अप्पा. हात वर करून गेटातून आत आला, बघितलं, आणि हात तसेच खाली घेतले. काय झालंय ते त्याला कळेना. ज्ञानोबामामांनी डबा उघडला, भाकरी मोडली आणि त्याच्यासाठी सरकून जागा केली.

"ये, बस, जेव," मामा म्हणाले. "पाळीला टाइम हाय."