बंबाचा सत्कार

माझ्या घरामागचा भाताच्या तणसाचा ढीग पेटला, तेव्हा तालुक्याचा आग विझवायचा बंब चार जवानांसकट माझ्याच ताब्यात होता.

मी आमगावकडच्या एका खेड्यात मुख्याध्यापक. (शिक्षक दोनच, त्यातला मोठा मी.) या जवानांनी गावातले दोन गोठे वाचवले होते. म्हणून पोरांना म्हटलं, उपकार करणाऱ्याचे आभार मानायला शिका! आठ दिवस तालीम घेतली, तालुक्याला अर्ज दिला, आणि बंब खरंच शाळेत आला की हो!

कार्यक्रम अर्ध्या तासाचा. पण दारी आलेला पाहुणा नुसत्या 'धन्यवाद'वर परत जातो, असं आमच्याकडे होत नाही. नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, बंबाला झेंडूचे हार घातले. दुसरीतली एक मुलगी तर निरांजन घेऊन बंबालाच ओवाळू लागली! जवानांचे प्रमुख बिसेनसाहेब दचकले.

"बेटा, आग जरा दूर पकड!"

मग पाण्याचं प्रात्यक्षिक. फवारा सुटला, पोरं भिजली, मी त्यांच्याहून जास्त भिजलो. "आणखी एकदा!" असं ओरडलोही मीच. तेवढ्यात माझ्यातला मुख्याध्यापक जागा झाला. समोर पोषण आहाराची परसबाग उन्हानं करपत होती.

"साहेब, जरा वांग्यांकडे वळवा ना."

"गुरुजी, हे आगीसाठी पानी आहे जी."

"वांगी आगच तर सोसून राह्यली!"

वांगी झाली. मग भेंडी झाली. मग कुंपणाचा कडुनिंब. मग म्हटलं, आलाच आहात तर छतावरची टाकीही भरून द्या! फुकटचं पाणी दिसलं की माणसाला लाज उरत नाही.

"बस्स गुरुजी, टँक खाली हो गया," बिसेनसाहेब म्हणाले, आणि माझा फोन वाजला. आमच्या सौभाग्यवती, मंदा.

"अवो, मांगं तनस पेटली!"

"कोणाची?"

"कोनाची का विचारून राह्यले? आपली! बंब बलावा!"

"बंब माझ्याजवळच आहे."

"मंग धाडा ना बाप्पा!"

"त्यात पाणी नाही."

"काऊन नाही?"

काही उत्तरं नवऱ्यानं बायकोला देऊ नयेत. "वांग्याले देल्लं," मी म्हणालो.

दोन म्हशींचा वर्षाचा चारा होता तो, आणि ढिगाला लागूनच गोठा! टाकीतलं पाणी परत घ्यायला वेळ कुठला? मी बंबात चढलो, सायरन लागला आणि झेंडूच्या पाकळ्या उधळत आम्ही निघालो. मागून अख्खी शाळा धावत आली.

पाहतो तर मंदा आणि शेजारच्या चार बाया ओल्या पोत्यांनी आग बडवत होत्या. म्हशी तिनं आधीच सोडून दिल्या होत्या. जवानांनी उड्या टाकल्या, पेटतं तणस फावड्यांनी ओढून काढलं, वर माती लोटली. गोठा वाचला. अर्धा ढीगही वाचला. माझा जीव भांड्यात पडला.

मंदानं तोंडावरची काजळी पुसली आणि हारांनी मढलेल्या बंबाकडे पाहिलं.

"आग विझवाले आनला का वरातीले?"

"मुलांनो, आज खरं काम या काकूंनी केलं," बिसेनसाहेब म्हणाले. पोरांनी लगेच एका सुरात मंदाला धन्यवाद दिले. माझ्याकडे एकानंही पाहिलं नाही. मग साहेबांनी कागद काढला.

"गुरुजी, आग कशानं लागली? लिहावं लागते."

मी पोरांना रांगेत उभं करायला लागलो. मंदा कशाला गप्प बसते!

"कशानं म्हंजे? सत्काराले कडक सदरा पायजे होता यायले! सकाळी लाइट नोती, तं कोळशाची इस्त्री केली, अन् निखारे तनसाच्या बुडाशी टाकून पळाले!"

बिसेनसाहेबांनी माझ्या सदऱ्याकडे पाहिलं. (तो भिजून पार चोळामोळा झाला होता.) मी हात जोडले. त्या भल्या माणसानं मान डोलावली आणि लिहिलं, 'अज्ञात इसमाचा निष्काळजीपणा.'

ज्या गावात मला शेंबडं पोरही ओळखतं, तिथं मी अज्ञात! कृतज्ञतेनं माझे डोळे भरून आले हो. ते पुसतो न पुसतो तोच मागून मंदाचा आवाज आला.

"साहेब, फुडं कंसात 'मुख्याध्यापक' लिवा जी."