तोट्यांचं पान

सुदाम येळवंडे यांनी जुनी मोटरसायकल विकायला काढली, तेव्हा गिऱ्हाइकाला त्यांनी आधी तिचे दोष सांगितले. क्लच घसरतो, थंडीत सुरू व्हायला वेळ लावते, एकदा पडलेली आहे.

गिऱ्हाईक म्हणालं, "दादा, गाडी विकायचीय ना नक्की?"

"इकायचीच हाय. पण आदी खोट सांगायची, मग माल दाखवायचा."

गाडी आणखी दोन वर्षं त्यांच्याकडेच राहिली.

चाकणच्या आमच्या कारखान्यात सुदामदादा सुटे भाग तपासायचे, मी संगणक विभागात होतो. मोजमापांच्या नोंदी तपासता याव्यात म्हणून पन्नाशीत ते स्वतःच प्रोग्रॅमिंग शिकले. त्यांनी शिकलेली प्रोग्रॅमिंगची भाषा ओपन सोर्स होती. म्हणजे जगभरातले लोक मिळून ती सांभाळतात आणि तिच्यात बदल कोणीही सुचवू शकतो. तिची एक खोड दादांना फार खुपायची. मोजमापाची जागा रिकामी राहिली, की ती तिथे मुकाट्याने शून्य धरायची.

"न मोजलेलं आन् शून्य भरलेलं एकच व्हय रं?" ते मला दटावत, जणू भाषा मीच बनवली होती.

शेवटी त्यांनी प्रस्ताव लिहिला: रिकामी जागा दिसली, की प्रोग्रॅमने थांबून चूक दाखवावी. मजकूर त्यांचा, मराठीत, हाताने लिहिलेला. इंग्रजी करायचं काम माझं. अशा प्रस्तावात त्याचे तोटेही सांगावे लागतात. लोक तिथे दोन ओळी लिहून मोकळे होतात. दादांनी अख्खं पान भरलं होतं. पहिलंच वाक्य असं, की रिकाम्या जागेला शून्य मानून चालणारे कितीतरी जुने प्रोग्रॅम यामुळे बंद पडतील.

ते पान मी गाळलं. दोन गुळगुळीत ओळी ठेवल्या. त्यांचे आधीचे दोन प्रस्ताव नाकारले गेले होते, हा तरी मंजूर व्हावा असं मला वाटत होतं. निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं.

प्रस्ताव मंजूर झाला. दादांनी सगळ्या शिफ्टला पेढे वाटले. भाषेची नवी आवृत्ती आली आणि आठवड्याभरात तक्रारींचा ढीग पडला. कुठल्या कुठल्या देशांतले प्रोग्रॅम बंद पडले होते. बदल मागे घ्यावा लागला. 'मांडणाऱ्याला एवढं साधं दिसलं नाही?' असं कोणीतरी सर्वांदेखत विचारलं. दादांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत उत्तर दिलं, 'चूक माझी. मी सांगायला हवं होतं.' माझं नाव कुठेच नव्हतं.

मी गोंधळलो. त्यांनी तर सांगितलं होतं! पान गेलंय हे त्यांना माहीत नव्हतं, की माहीत असून ते मला पाठीशी घालत होते? कॅन्टीनमध्ये ते समोर बसून भाकरी मोडत, गावच्या निवडणुकीचं सांगत. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नसे. मीही विचारलं नाही. असे आठ महिने गेले.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी, गेटबाहेर राजगुरुनगरच्या बसची वाट बघताना, मी बोलून टाकलं. "दादा, ते तोट्यांचं पान मी काढलं होतं."

"ठाव हाय. धाडायच्या आदी तुजं इंग्रजी वाचलं व्हतं मी."

"मग बोलला का नाहीत?"

सत्काराची शाल काखेत नीट दाबत ते म्हणाले, "मला बी ते मंजूर व्हायला पायजे व्हतं, भावा."

बस आली, ते चढले. मी माफी मागायला गेलो होतो. ती मागायची राहिली, आणि आता मागायची तर नेमकी कशाची, हे मला अजून कळलेलं नाही.