तळपायाला कळलेलं

कळंबच्या आमच्या गल्लीतले एक निवृत्त मेकॅनिक स्वतः लावलेली कडीसुद्धा तीनदा ओढून बघतात. दुसऱ्याच्या शब्दावर तर काडीचा भरवसा नाही. काल माझ्या गाडीचं क्लच ऑइल बदलायला ते चटई घेऊन आले, मला सीटवर बसवलं आणि स्वतः गाडीखाली शिरले.

“चप्पल काढा, सर. क्लचच्या नळीत हवा हाय का न्हाय, तळपायाला कळतंय. दाबा... धरा... सोडा!”

खाली नळीतून बुडबुड्यांसकट तेल बाटलीत पडल्याचा आवाज येत होता. पेडल पोकळच जात होतं. आणि एकदम तळव्याला घट्ट लागलं!

“आलं! आलं!” मी ओरडलोच.

ते बाहेर आले. आता तीनदा दाबून बघणार, म्हणून मी उठलो.

“बसा की!” त्यांनी बॉनेट लावलं आणि शेजारच्या सीटवर येऊन बसले. “घ्या गाडी बाहेर.”