बटण अडकते

बर्डीवरच्या बाजारात व्हिडिओ गेमचं पहिलं दुकान निघालं, तेव्हा ऑफिस सुटलं की मी तिथे डोकावायचो. सफारी घातलेले एक गृहस्थ तिथे रोज असायचेच. खेळण्यापूर्वी ते घड्याळ काढून खिशात ठेवत, रुमालाने मशीनची दांडी पुसत आणि मशीनला लावलेला हात कपाळाला लावत. एवढी पूजा झाल्यावर पडद्यावरचं त्यांचं विमान अर्ध्या मिनिटात पडे.

"बटण अडकते," ते मागे वळून आम्हा बघ्यांना सांगत. मागे कोणी नसलं, तर मालकाला बोलावून सांगत. आम्ही माना डोलवायचो, कारण आमची विमानंही बटणामुळेच पडत.

एकदा शेजारच्या मशीनवर कॉलेजातली एक मुलगी आली. "मले काहीच येत नाही बरं," असं तिने आधीच मोठ्याने जाहीर केलं. पाहुण्यांना श्रीखंड वाढताना बायका 'आज काही खास जमलं नाही' म्हणतात, अगदी तसं. आणि मग ती धडाधड विमानं पाडत सुटली. मध्येच तिचं लक्ष शेजारी गेलं.

"काका, तुमचा हात काहून थरथरून राहिला?"

"माझा नाही वं पोरी," ते म्हणाले, "मशीन थरथरून राहिली."

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, पडदे काळे झाले, मशीनची घरघरही बंद पडली. दुकानात एकच आवाज उरला. त्यांच्या मुठीतली दांडी अजून खडखडत होती.