विकल्याशिवाय झालेला नफा

रविवार, २३ सप्टेंबर १९७३. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे झाली होती आणि पुष्पलता निनावे मालखोलीत तिसऱ्यांदा लुगडी मोजत होती. आपली मोजणी चुकलेली निघावी, अशी तिची इच्छा होती. गुरुवारी १५७० आली होती, शनिवारी १५७०. आज शेवटची फळी संपली तेव्हा पुन्हा १५७० आली. ती शिडीवरून उतरली आणि तिने आकडा वहीत लिहिला.

नागपूरच्या टिमकी भागातल्या विणकरांच्या या सहकारी संस्थेत सभासदांचे चौऱ्याण्णव माग होते, सगळे आपापल्या घरात. संस्थेची कचेरी भाड्याच्या तीन खोल्यांत होती. पुष्पलता तिथे लेखनिक होती. वय बत्तीस, शिक्षण सातवी, माहेर उमरेडचे. नवरा गोपाळराव १९६७ साली छातीच्या दुखण्याने गेला, त्याच वर्षी त्याचा माग विकावा लागला. अक्षर चांगले म्हणून संस्थेने तिला कामावर घेतले. पगार महिना एकशे चाळीस रुपये. त्यावर ती आणि दोन मुली जगत होत्या.

दुपारी दोनला वार्षिक सभा होती. मुलींना तिने आदल्या दिवशीच एसटीने उमरेडला बहिणीकडे पाठवले होते. शाळेचे दोन दिवस बुडणार होते. पण दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या गल्लीत अशाच एका सभेनंतर चिटणिसाच्या घराची कौले फोडली गेली होती आणि एक कवेलू त्याच्या आईच्या खांद्यावर पडले होते. पुष्पलताचे घरही कवेलूचेच होते.

भीतीचे कारण एक कागद होता.

संस्थेला सुतासाठी कर्ज देणाऱ्या बँकेचे निरीक्षक ताराचंद ऑगस्टमध्ये येऊन गेले. साठ हजारांची मर्यादा सप्टेंबरअखेर संपत होती. ती वाढवून हवी असेल तर गेल्या पाच वर्षांचे आकडे शेजारीशेजारी मांडा, त्यावरून पुढच्या वर्षाची योजना करा आणि ते सारे सभेत वाचून ठराव करून आणा, असे त्यांनी सांगितले. ठराव नाही तर ऑक्टोबरपासून सूत नाही. संस्थेत आजवर दरवर्षीचा ताळेबंद वेगळा छापला जात असे आणि दिवाळीनंतर कपाटात जाई. पाच वर्षे एका कागदावर कुणी मांडली नव्हती. पुष्पलताने सुताच्या गठ्ठ्याच्या वेष्टणावर पट्टीने रकाने आखले आणि आकडे भरले. नफ्याच्या ओळीखाली शिल्लक मालाची ओळ आली. दोन्ही ओळी बरोबरीने वाढत होत्या.

कारण साधे होते. १९५६ साली संस्था निघाली ती व्यापाऱ्यांच्या अपमानाला कंटाळून. व्यापारी लुगडे उजेडात धरायचा, दोन दोष काढायचा आणि परत फेकायचा. म्हणून संस्थापकांनी पहिला नियम केला: सभासदाने विणून आणलेले लुगडे संस्था परत करणार नाही. तो नियम सतरा वर्षे पाळला गेला. सूत आणि मजुरी धरून नऊवारी लुगडे संस्थेला सरासरी बत्तीस रुपयांना पडायचे. विक्रीचा सरासरी भाव चाळीस. वहीत मात्र ते आल्या दिवशीच विक्रीच्या भावाने चढायचे. म्हणजे लुगडे मागावरून उतरून फळीवर गेले की कागदावर आठ रुपये नफा व्हायचा. ते कुणी विकत घेतले की नाही, याचा त्या आठ रुपयांशी संबंध नव्हता.

शहरातल्या तरुण बायका पाचवारीकडे वळून दहा वर्षे होत आली होती. नऊवारी फळ्यांवर साठत गेली. पाच वर्षांत १४६० लुगडी वाढली. त्यांच्यावरचा आठ-आठ रुपयांचा नफा होतो अकरा हजार सहाशे ऐंशी. संस्थेने या पाच वर्षांत दाखवलेला एकूण नफा होता दहा हजार नऊशे चाळीस. म्हणजे खरे तर सातशे चाळीसचा तोटा. दर दिवाळीला याच नफ्यातून सभासदांना बोनस वाटला गेला. बँकेच्या साठ हजारांपैकी पन्नास हजार फळ्यांवर घडी घालून पडले होते. तपासनीस दरवर्षी बेरजा तपासून सही करत. बेरजा बरोबरच होत्या.

कागदाच्या तळाशी तिने 'तोटा' हा शब्द लिहिला. संस्थेच्या कागदावर तो पहिल्यांदाच आला होता.

शनिवारी संध्याकाळी अध्यक्ष नानाजी निनावे कचेरीत आले. वय सदुसष्ट, संस्थापकांपैकी हयात असलेले एकटे. नात्याने तिचे चुलत सासरे. त्यांनी कागद चष्मा लावून पूर्ण वाचला.

"तुले कोणी सांगतलं हे?"

"बँकेच्या सायबानं मागतला, नानाजी."

"मंग बँकेले दे. सभेत काहून?"

"सभेत वाचल्याबिगर ठराव होत नाई. ठराव नसन तं सूत बंद करतो मने."

नानाजींनी कागदाची चौपदरी घडी केली आणि तिच्या समोर ठेवली.

"सूनबाई, हा कागद वाचशीन तं सोमवारी कचेरीत येऊ नको."

ते गेल्यावर तिने हाही हिशेब केला. वाचला तर पगार सोमवारी बंद. न वाचला तर सुताअभावी संस्था दिवाळीनंतर बंद, म्हणजे पगार तेव्हा बंद. फरक दोन महिन्यांचा होता, दोनशे ऐंशी रुपयांचा.  

सभा कचेरीच्या अंगणात भरली. अठ्ठ्याहत्तर सभासद सतरंज्यांवर बसले. नानाजींनी अहवाल वाचला. यंदाचा नफा दोन हजार एकशे पंधरा रुपये. टाळ्या झाल्या. मग ते म्हणाले, "बँकेचा एक कागद आहे. कचेरीत ठेवला आहे, ज्याले पाहायचा त्यानं पाहावा. पुढचा विषय."

पुष्पलता उभी राहिली. उभी राहिल्यावर आपण उभ्या आहोत हे तिला कळले. तिने कागद डोळ्यांसमोर धरला आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या तीन ओळी कुणालाच ऐकू गेल्या नाहीत.

"जोरानं वाच वं बाई," उपाध्यक्ष मारोतराव म्हणाले. "तुह्या पोटातलं आमाले काय ऐकू येते?"

हशा झाला. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचले.  पाच वर्षांच्या आकड्यांपर्यंत लोक गप्प होते. 'तोटा' शब्द आला आणि मागच्या रांगेतला रुपराव हेडाऊ उठला.

"नवऱ्याचा माग इकला, आता आमचे इकायले निघाली!"

"बस खाली!"

"बोनस वापस मांगतीन आता! लिहून घ्या!"

दहा-बारा माणसे उभी राहिली. कुणाचा तरी पाय लागून पाण्याचा माठ फुटला आणि सतरंजी भिजली. अंगणाचे दार तिच्या डाव्या हाताला होते, पण दारात दोघे उभे होते. ती वाचत राहिली, कारण थांबल्यावर काय करायचे ते तिला ठाऊक नव्हते. योजनेच्या तीन ओळी होत्या. नऊवारी फक्त ऑर्डर असेल तितकीच घ्यावी. बाकीच्या मागांवर पाचवारी आणि सरकारी दवाखान्याच्या चादरी विणाव्यात. पडून असलेली लुगडी सावनेर, उमरेड आणि रामटेकच्या आठवडी बाजारांत, जिथे बायका अजून नऊवारी नेसतात, तीस रुपयांना काढावीत आणि दर तीन महिन्यांनी हाच कागद पुन्हा सभेपुढे मांडावा.

"चादरी?" नानाजी पहिल्यांदा बोलले. "ह्या हातानं चादरी?"

"आज चादर, उद्या पोतं!" रुपराव म्हणाला.

या गलक्यात जनाबाई पराते उठली. नवऱ्यामागे स्वतः माग चालवणारी ही एकच सभासद. तिचा आवाज मोठा होता.

"काहून वरडून राहिले गा सारे? खोली बाजूलेच आहे. लुगडे बाहेर काढा अन् मोजा. बाई खोटी असन तं इथंच दिसन."

नानाजींना यात काही धोका दिसला नाही. "काढा," ते म्हणाले. "खोटी ठरली का मंग पाहू."

प्रत्येक लुगड्याला चिठ्ठी होती. तिच्यावर विणकराचे नाव आणि तारीख. एकाने चिठ्ठी वाचून नाव पुकारावे आणि ज्याचे त्याने लुगडे उचलून आपल्यापुढे ठेवावे, असे ठरले. पहिला अर्धा तास चेष्टेत गेला.

"रुपराव, तुहे तं बारा लुगडे निघाले गा!"

"तू आपले पाह, तुह्या घरचे साठ झाले."

मग चेष्टा थांबली. आपला माल जातो, पडून असतो तो दुसऱ्याचा, असे प्रत्येकाने धरले होते. आता प्रत्येकापुढे ढीग वाढत होता आणि आपल्या हातचा काठ ओळखायला चिठ्ठीची गरज नव्हती. रुपरावपुढे एकोणतीस लुगडी झाली. मारोतरावांपुढे चौसष्ट. रुपरावने १९६९ सालचे एक उलगडले. घडीवर पिवळी रेघ होती. त्याने त्याची पुन्हा पूर्वीसारखीच घडी घातली.

नानाजींचे नाव सर्वांत जास्त वेळा पुकारले गेले. त्यांचे विणकाम सर्वांत बारीक आणि म्हणून लुगडे सर्वांत महाग. शेवटी पुकारणारा नाव न घेताच त्यांच्याकडे बोट करू लागला. दोनशे बारा लुगडी.

पुष्पलता भिंतीला टेकून खुणा करत होती. साडेचारला बेरीज झाली. ती म्हणाली, "पंधराशे एकाहत्तर."

"तू तं सत्तर मनली होती!" रुपराव म्हणाला.

 तीन वेळा मोजलेला आकडा अठ्ठ्याहत्तर माणसांसमोर चुकला होता, आणि आता कागदावरचे बाकी काहीही कुणी खरे मानणार नव्हते. एक लुगडे बिनचिठ्ठीचे निघाले होते. फळी आणि भिंत यांच्या सांदीत अडकलेले. कुणाचे, ते शेवटपर्यंत कळले नाही.

"एक जास्तच निघालं ना?" जनाबाई म्हणाली. "कमी तं नाई. तुले काय पाह्यजे, अजून हजार निघावे?"

या वेळचा हशा रुपरावच्या बाजूने नव्हता.

मतदान हात वर करून झाले. योजनेच्या बाजूने सत्तेचाळीस, विरुद्ध एकोणतीस, दोघे तटस्थ. तटस्थांपैकी एक नानाजी. ते आपल्या ढिगामागे बसून होते आणि त्यांनी हात मांडीवरून उचलला नाही.

एक प्रश्न उरला. ऑर्डर नसलेले लुगडे आणणाऱ्याला परत कोण पाठवणार? मारोतरावांनी तो विचारला. सतरा वर्षांत एकाही सभासदाचा माल परत गेला नव्हता. सख्ख्या भावाच्या, व्याह्याच्या, शेजाऱ्याच्या हातात त्याचे लुगडे परत द्यायचे होते. सगळे जमिनीकडे पाहू लागले. मग कुणीतरी म्हणाले, "बाईच करन ते." लगेच सगळ्यांनी माना हलवल्या. ठराव क्रमांक सात असा लिहिला गेला: माल घेताना लेखनिकाने ऑर्डरबुक पाहून सही करावी, ऑर्डर नसल्यास माल परत करावा, लेखनिकाची सही नसलेला माल संस्थेचा मानू नये. हा ठरावही पुष्पलतानेच आपल्या अक्षरात लिहिला. 'परत' हा शब्द लिहिताना टाक अडला आणि शाईचा डाग पडला.

नोकरी राहिली होती. तिला हायसे वाटले नाही. आदल्या दिवशीपर्यंत ती एका माणसाला भीत होती. आता चौऱ्याण्णव घरे होती.

लोक लुगडी पुन्हा फळ्यांवर ठेवून गेले. नानाजी इतिवृत्तावर सही करायला थांबले. त्यांनी प्रत्येक पान वाचले, सातव्या ठरावाशी थोडे थांबले, आणि खाली सही केली.

"सोमवारी येऊ नको मनलो होतो," ते म्हणाले. "आता तं यावंच लागन तुले."

"हाव, नानाजी."

"माह्या मागावरचं लुगडं उद्या पाहाटे उतरते."

 त्यांनी चपला घातल्या आणि ते गेले. तिने ऑर्डरबुक उघडून नऊवारीचे पान पाहिले. पितृपक्ष चालू होता, या दिवसांत नवे लुगडे कुणी घेत नसे.

माल घेण्याची खिडकी दर सोमवारी सकाळी आठला उघडते. सभासदांना मागाच्या क्रमाने बोलावले जाते. एक नंबरचा माग नानाजी निनावे यांचा आहे आणि नऊवारीच्या पानावर आजच्या तारखेला एकही ऑर्डर शिल्लक नाही.